डॅशबोर्डामागची तार

मुंबईकडे निघालेली गाडी तळेगाव, वडगाव आणि कामशेत मागे टाकून लोणावळ्याच्या दिशेने चढू लागली, की तिच्यातील ध्वनियंत्राची खरी परीक्षा सुरू होते. कारण सपाटीवर निर्वेध पोहोचणाऱ्या एफ.एम.च्या लहरी साधारणतः सरळ रेषेत प्रवास करीत असल्यामुळे डोंगराच्या आडोशाला क्षीण होतात, द्रुतगती मार्गावरील कामशेत, खंडाळा, माडप व भाताण येथील बोगद्यांत त्या साफ नाहीशा होतात, आणि ज्या पावसासाठी हजारो माणसे घरेदारे सोडून या प्रदेशात धाव घेतात, तो पाऊस माणसांना जितका प्रिय तितकाच विजेच्या जोडांना घातक असतो. मावळ तालुका एकच असला, तरी त्याच्या दोन टोकांचे हवामान एक नव्हे. पूर्वेकडील तळेगावास वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो त्याच्या कित्येक पट तो घाटमाथ्यावरील लोणावळ्यास पडतो, आणि तेथील वार्षिक सरासरी ४,००० मिलिमीटरांच्या वर जाते. आषाढ-श्रावणात तेथे गाडी उभी करून ठेवली, की आसनाखालचा गालिचा दमट राहतो, दाराच्या रबरी पट्टीतून झिरपलेले पाणी आठवडेच्या आठवडे वाळत नाही, आणि उघडा राहिलेला तांब्याचा प्रत्येक जोड हिरवा पडू लागतो. शहरातील दुकानाच्या कोरड्या, झगझगीत काउंटरवर उत्तम वाजणारे यंत्र अशा ठिकाणी किती काळ आणि कितपत निर्धोकपणे वाजेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळी फारच थोडे लोक विचारतात.

या प्रश्नाचे जे उत्तर मला अनुभवाने मिळाले, ते थोडक्यात असे आहे. गाडीत बसवावयाच्या यंत्राची किंमत आपण त्याच्या चकचकीत तोंडाकडे पाहून मोजतो; परंतु गाडीत बसलेल्या माणसांचे क्षेमकुशल अवलंबून असते ते डॅशबोर्डामागे कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या तारेवर, तिच्या जोडावर आणि तो जोड ज्याने केला त्या कारागिराच्या सचोटीवर. म्हणून यंत्राची जेवढी चौकशी करावी, तेवढीच किंबहुना अधिक चौकशी जोडणीची करावी, ती आपल्या समक्ष करून घ्यावी, आणि तिचा उल्लेख पावतीवर लेखी घ्यावा. हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

आमच्या पिढीने ध्वनियंत्रांची बहुतेक सर्व स्थित्यंतरे डोळ्यांनी पाहिली. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि विविध भारती १९५७ साली. पुढे माझ्या बालपणी घरात रेडिओ बाळगावयाचा म्हणजे टपाल कचेरीतून त्याचा परवाना काढावयाचा आणि दरसाल तो नव्याने करून घ्यावयाचा, असा शिरस्ता होता. नंतर खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली कॅसेट घाटातील मालमोटारींपासून टॅक्सींपर्यंत सर्वत्र पोहोचली, सोनीच्या वॉकमनने १९७९ पासून गाणे एकट्याच्या कानापुरते केले, आणि आता तळहाताएवढा स्पीकर कोणत्याही तारेवाचून मोबाईलमधील गाणे पंचवीस माणसांना ऐकवितो. या सर्व यंत्रांत एक भेद मात्र कायम राहिला आहे, आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जे यंत्र स्वतःच्या सेलवर चालते ते बिघडले तर बहुधा मुके होऊन बसते. जे यंत्र गाडीच्या बॅटरीला जोडलेले असते ते बिघडले तर गाडीच पेटवू शकते. अमेरिकेत १९३० साली गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आणला, तेव्हापासून आजतागायत गाडीतील यंत्र बसविणे हे यंत्र विकण्याहून निराळे आणि अधिक जोखमीचे काम राहिले आहे.

माझा मुक्काम तळेगाव दाभाडे येथे असतो. कुटुंबातील मंडळींच्या इच्छेवरून आमच्या लहान गाडीत मूळचे साधे यंत्र काढून त्या जागी मोठ्या पडद्याचे टचस्क्रीन यंत्र, मागे एक अँप्लिफायर आणि डिकीत एक वूफर, असा सरंजाम शहरातील एका गजबजलेल्या दुकानातून बसवून घेण्यात आला. दुकानदाराने यंत्राची छापील पावती दिली. बसविण्याच्या मजुरीचा आकडा मात्र एका चिठोऱ्यावर लिहून दिला. हिवाळा आणि उन्हाळा निर्विघ्न गेला. ऐन पावसाळ्यात, खोपोलीकडील एका नातलगाचा निरोप घेऊन जुन्या रस्त्याने घाट चढत असताना, पत्नी शेजारी आणि नातू मागे बसलेला अशा स्थितीत, पडदा एकदा विझला, पुन्हा उजळला, पुन्हा विझला. आणि क्षणार्धात जळक्या रबराचा उग्र वास गाडीभर पसरून चालकाच्या पायांजवळून धुराची बारीक रेषा वर येऊ लागली.

खंडाळ्याच्या अलीकडे रस्त्याला जेथे थोडी रुंदी होती तेथे गाडी बाजूला घेतली, दोघांना डाव्या बाजूने उतरवून दूर उभे केले आणि चावी काढून घेतली. धूर मात्र थांबला नाही, आणि सर्व वाचकांनी मनावर कोरून ठेवावी अशी गोष्ट हीच आहे. दुकानातून बसविलेल्या यंत्राची मुख्य तार थेट बॅटरीवरून आणलेली असेल, तर चावी काढल्याने तिच्यातील वीजप्रवाह बंद होत नाही. मागून येणाऱ्या एका टेम्पोचालकाने प्रसंग ओळखून गाडी थांबविली, आपल्या पेटीतून दहा नंबरचा पाना काढला, कोसळत्या पावसात बॉनेट उघडले आणि बॅटरीचे ऋण टोक सैल करून उपटले; तेव्हा कोठे धूर विरला. कोणास इजा झाली नाही. त्या गृहस्थाने नाव सांगितले नाही आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. तेव्हापासून दहा नंबरचा पाना आमच्या गाडीत चालकाच्या हाताशी असतो, आणि प्रत्येक गाडीत तो असावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी तळेगावातील एका जुन्या, अनुभवी वायरमनकडे ओढून नेली. त्यांनी डॅशबोर्डाची चौकट उतरविली, यंत्र बाहेर ओढले आणि मला जवळ बोलावून प्रत्येक जोड बोटाने दाखविला. “काका, ही लाल तार बघा. बॅटरीपासून आत आणली आहे, पण मध्ये कुठं फ्यूजच नाही. आणि जिथून आत घेतली आहे तिथलं भोक बघा.” इंजिन आणि प्रवासी यांच्यामधील पत्र्यास पाडलेल्या त्या छिद्राची कड सुरीसारखी धारदार होती. तेथे रबरी ग्रोमेट बसविलेला नव्हता. घाटातील हादऱ्यांनी तारेवरचे आवरण महिनोन्‌महिने त्या कडेवर घासत गेले, त्याच छिद्रातून पावसाचे पाणी आत उतरत राहिले, आणि शेवटी उघडे पडलेले तांबे पत्र्याला टेकले. पुढे पाहिले, तर कंपनीची मूळ तारांची जुडी कापून, तारा सोलून, नुसता पीळ मारून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली होती. दमटपणाने टेपचा डिंक सुटून ती हातात आपोआप उलगडत आली. अर्थिंगची तार रंगवलेल्या पत्र्यावरील एका स्क्रूखाली दाबली होती, आणि रंग खरवडण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती. यंत्र उत्तम होते. त्यात काडीचाही दोष आढळला नाही.

या एका पाहणीतून जे शिक्षण झाले त्याचा तपशील येथे क्रमाने देतो.

पहिली गोष्ट वीजप्रवाहाच्या प्रमाणाची. गाडीतील वीज अवघ्या १२ व्होल्टची, तेव्हा तिच्यापासून भय ते कसले, असा एक सार्वत्रिक समज आहे. हाताला धक्का बसण्यापुरता तो खरा आहे, परंतु आगीच्या बाबतीत सर्वस्वी खोटा आहे. घरातील २३० व्होल्टवर ४०० वॅटचे उपकरण पावणेदोन अँपिअरहून कमी प्रवाह ओढते. तेवढ्याच शक्तीला गाडीतील १२ व्होल्टवर ३३ अँपिअर लागतात. तार तापते ती प्रवाहाने, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून अँप्लिफायरची तार जाड आणि निखळ तांब्याची असावी, आणि बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ, फार तर ४५ सेंटिमीटरांच्या आत, तिच्यावर फ्यूज असावा. यंत्राच्या पाठीवर फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला, असे दुकानात सांगतात. त्या सांगण्यास भुलू नये. यंत्राच्या पाठीवरील फ्यूज यंत्राचे रक्षण करतो, आणि बॅटरी ते यंत्र या लांब अंतरात तार कोठेही पत्र्याला टेकली तर तो काहीच करू शकत नाही. त्या तारेचा पहारेकरी तिच्या उगमापाशीच उभा असला पाहिजे.

दुसरी गोष्ट जोडाची. प्रत्येक प्रचलित गाडीसाठी तयार जोडतुकडा मिळतो; बाजारात त्यास कपलर म्हणतात. त्याचे एक टोक गाडीच्या मूळ सॉकेटात व दुसरे नव्या यंत्रात बसते, आणि मूळ तारांना कात्री लावावी लागत नाही. कपलरची किंमत यंत्राच्या मानाने क्षुल्लक असते. तरीही मजुरीच्या घाईत मूळ जुडी कापण्याची वहिवाट पडली आहे, आणि एकदा ती कापली की गाडीच्या विद्युत्‌व्यवस्थेवरील कंपनीची हमी नाकारली जाण्याचा धोका उत्पन्न होतो. जेथे जोड टाळता येत नाही तेथे तो डाख देऊन किंवा योग्य पकडीने दाबून करावा, आणि त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. घाटमाथ्यावरच्या हवेत नुसती काळी टेप एक पावसाळाही धड काढीत नाही. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडून उघड्या धातूवर टोक घट्ट आवळावे आणि मग त्यावर ग्रीस किंवा रंगाचा हात फिरवावा, म्हणजे गंज चढणार नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी बारीक शीळ स्पीकरमधून ऐकू येऊ लागली, तर अर्थिंग सदोष आहे किंवा विजेची तार आणि ध्वनीची तार एकाच बाजूने शेजारीशेजारी ओढली आहे, असे समजावे. या दोन तारा गाडीच्या दोन निरनिराळ्या बाजूंनी न्याव्यात.

बहुतेक बाजारी यंत्रांच्या तारांचे रंग ठरलेले असतात. पिवळी तार अखंड विजेची, लाल तार चावी फिरविल्यावरच जागी होणारी, काळी अर्थिंगची. पांढरी व करडी पुढील डाव्या-उजव्या स्पीकरांची, हिरवी व जांभळी मागील स्पीकरांची. चावीची तार शोधण्याचा त्रास वाचावा म्हणून काही कारागीर पिवळी व लाल तार एकत्रच बॅटरीवर बांधतात. मग यंत्र कधीच पुरते झोपी जात नाही. समजा ते अर्धा अँपिअर प्रवाह ओढीत राहिले, तर ३५ अँपिअर-तासांची लहान गाडीची बॅटरी ७० तासांत, म्हणजे तीन दिवसही न भरता, रिकामी होईल. लोणावळ्यातील बंगल्यावर शनिवारी लावलेली गाडी मंगळवारी सुरू होत नाही, अशी तक्रार घेऊन येणारी मंडळी बहुधा बॅटरीला दोष देतात. मूळ कसूर पुष्कळदा या दोन तारांच्या संगनमतात सापडते.

तिसरी गोष्ट आवाजाच्या आकड्यांची. खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि गिऱ्हाईक त्यावरून २०० वॅटचा हिशेब करते. परंतु चालू इंजिनाच्या गाडीतील विद्युत्‌दाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो, स्पीकरचा रोध सामान्यतः ४ ओहम असतो, आणि या दोन आकड्यांवरून साधे गणित मांडले तर स्वतंत्र अँप्लिफायर नसलेल्या यंत्रातून एका स्पीकरला स्वच्छ ध्वनीची २६ वॅटहून अधिक शक्ती मिळणे तात्त्विकदृष्ट्याही शक्य नाही; व्यवहारात ती त्याहूनही कमी राहते. छापलेला आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. विचारावयाचा तो ‘आरएमएस’ आकडा, म्हणजे यंत्र सातत्याने देऊ शकते ती शक्ती. आणि लहान गाडीच्या चार भिंतींत तेवढी शक्ती मोकळेपणाने ऐकण्यास पुरेशी असते. चांगले स्पीकर आणि नीट बसविलेली दारे यांवर खर्च केलेला रुपया वूफरवर खर्च केलेल्या रुपयाहून अधिक फळ देतो.

आमच्या प्रदेशापुरती एक जास्तीची सूचना येथेच करून ठेवतो. पुष्कळशा नव्या टचस्क्रीन यंत्रांत मध्यम लहरींचा रेडिओ मुळी नसतोच. एफ.एम. जेथे डोंगराआड लुप्त होते तेथे मध्यम लहरी खरखरत का होईना पोहोचतात, हे घाटातून नेहमी जाणाऱ्या माणसास ठाऊक असते. तेव्हा ज्यांना आकाशवाणीची ओढ आहे त्यांनी ही सोय आहे की नाही हे आधी विचारावे. मोबाईलवरून येणारे गाणेही घाटात तुटते. आवडीची गाणी पेनड्राइव्हवर भरून घेतली, म्हणजे वळणावर मोबाईलशी झटापट करण्याची वेळ येत नाही.

चौथी गोष्ट मी सर्वांत गंभीर मानतो. आमच्या वायरमननी यंत्रामागील एक बारीक तार पत्र्याला आवळलेली दाखविली आणि म्हणाले, “ही हँडब्रेकची तार. गाडी उभी असेल तेव्हाच पडद्यावर चित्र दिसावं म्हणून कंपनीनं दिलेली असते. हिला इथं कायमची अर्थ करून टाकली आहे, म्हणजे गाडी पळतानाही सिनेमा चालू.” ही सोय आम्ही मागितली नव्हती, ती न सांगता, जणू भेट म्हणून, करून देण्यात आली होती. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पडद्याकडे दोन सेकंद नजर वळली, की ३३ मीटर अंतर चालकाच्या डोळ्यांवाचून कापले गेले; आणि खंडाळ्याच्या घाटात, दाट धुक्यात, पुढील मालमोटारीचे मागील दिवे पुष्कळदा त्याहूनही जवळ असतात. मागे पाहण्याच्या कॅमेऱ्यासाठी पडदा अवश्य वापरावा. मुलांसाठी चित्रपट लावावयाचाच असेल, तर तो मागील आसनासमोरच्या स्वतंत्र पडद्यावर लावावा. परंतु चालकाच्या दृष्टिपथातील पडद्यावर चालत्या गाडीत चित्र दिसता कामा नये, आणि त्याकरिता ही एक तार तिच्या योग्य जागी, हँडब्रेकच्या स्विचाला, जोडून घ्यावी. कोणी कारागीर ती बगल देऊन बसवू लागला, तर त्यास त्याच क्षणी थांबवावे.

आता गाडीबाहेरच्या, हातात वागवावयाच्या यंत्रांविषयी. पावसाळी सहलीस येणाऱ्या मंडळींच्या पिशवीत ब्लूटूथ स्पीकर असतोच, आणि तो ‘वॉटरप्रूफ’ असल्याची ग्वाही दुकानदाराने दिलेली असते. या शब्दावर न विसंबता खोक्यावरील ‘आयपी’ हा संकेत पाहावा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपासून रक्षण. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल, स्थिर आणि गोड्या पाण्यात ३० मिनिटे तग धरण्याची क्षमता. मधील ‘एक्स’ या अक्षराचा अर्थ धुळीची कसोटी घेतल्याचे नमूद नाही, इतकाच. पाण्याच्या जोरदार झोताची कसोटी ५ आणि ६ या आकड्यांनी निराळी दाखविली जाते. म्हणून बादलीत तरंगणारा स्पीकर धबधब्याच्या धारेखाली टिकेलच असे नाही. चार्जिंगच्या तोंडावरील रबरी झाकण उघडे असेल तर हे सर्व आकडे निरर्थक होत. भिजलेले यंत्र घरी आणल्यावर ते तोंड पूर्ण वाळल्याखेरीज चार्जरला लावू नये. पुष्कळ यंत्रे धबधब्यात न मरता त्या रात्रीच्या चार्जिंगने मरतात.

या यंत्रांतील लिथियमची बॅटरी ४५ अंशांहून अधिक उष्णतेत चार्ज करू नये, असा सर्वसाधारण नियम आहे; आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डावर याहून पुष्कळ अधिक तापमान होते. स्पीकर, इअरबड्स आणि पॉवरबँक तेथे ठेवून लोहगड चढावयास जाऊ नये. फुगलेली बॅटरी दिसल्यास ती टोचू नये, दाबू नये, आणि पुन्हा चार्ज करण्याचा मोह तर मुळीच धरू नये. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी पाहावी. केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशापासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीची नोंदणी सुरू झाली, आणि आता पॉवरबँक, चार्जर, लिथियम सेल अशा अनेक वस्तूंवर मानकाचा क्रमांक व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तेथल्या तेथे पडताळता येतो. ज्या वस्तूवर तो नाही ती स्वस्त असली तरी घरी आणू नये.

कानांचीही काळजी यंत्राइतकीच घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे निर्धोक मानले जाते. हाच आवाज ९० डेसिबलवर गेला की ती मुदत अवघ्या ४ तासांवर येते. पुणे-लोणावळा लोकलच्या खडखडाटात इअरफोनचा आवाज आपण नकळत वाढवितो आणि तो तसाच ठेवून उतरतो. कामशेत, मळवली येथे रूळ ओलांडताना किंवा महामार्गाच्या कडेने दुचाकी हाकताना कान बंद असणे म्हणजे धोक्याची इतल्ला देणारे आपले एक इंद्रिय स्वहस्ते बंद करणे होय.

आणि आपल्या कानांपाशी ही जबाबदारी संपत नाही. पवना धरणाच्या काठी, भुशीच्या वाटेवर, भाजे-पाटणच्या परिसरात आपण पाहुणे असतो. तेथे गावे आहेत, पहाटे उठून भातखाचरात जाणारी माणसे आहेत, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली जाते, आणि निवासी भागात त्या वेळी ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवसा ती ५५ आहे. डिकी उघडी टाकून वाजविलेला वूफर ही मर्यादा सहज ओलांडतो. याहून मोठे कारण जीविताचे आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण अकस्मात वाढलेल्या पाण्याने वाहून गेले, हे मावळ विसरलेला नाही. डोंगरावरून येणाऱ्या लोंढ्याचा आवाज आणि काठावरून कोणी मारलेली हाक, या दोहोंना आपल्या कानापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी असली पाहिजे. वाहत्या पाण्यापाशी असताना स्पीकर बंद ठेवावा, हा नियम प्रत्येक कुटुंबाने स्वतःपुरता करून घ्यावा.

राहिली कागदपत्रांची बाजू. धुराच्या प्रसंगानंतर मी दुकानात गेलो, तेव्हा यंत्रात दोष नसल्याने आमचा संबंध नाही, पाणी शिरले त्यास आम्ही काय करणार, असे उत्तर मिळाले. मजुरीचे चिठोरे मात्र मी जपून ठेवले होते. वायरमननी काढलेली प्रत्येक जोडाची छायाचित्रे, त्यांचा लेखी अभिप्राय आणि ते चिठोरे यांच्या प्रती जोडून, झालेल्या हकिकतीची कैफियत पोहोच-पावतीसह टपालाने धाडली, आणि मुदतीत समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्याद दाखल करण्यात येईल, असे शेवटी नमूद केले. त्यानंतर मजुरी आणि नव्या तारजोडणीचा खर्च विनाकटकट परत मिळाला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला असून, त्यात सदोष वस्तूइतकीच सदोष सेवाही तक्रारीस पात्र आहे. तारजोडणी ही सेवाच आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यातही फिर्याद करता येते, म्हणजे मुंबईतील दुकानाविरुद्ध मावळातील माणसाने मुंबईचे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसंबंधीच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी सल्ला देते. पावती देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. मूळ कंपनीने न बसविलेल्या विद्युत् साहित्याची विमापत्रात स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते, हेही विसरू नये. नोंद नसेल तर नुकसानीच्या वेळी त्याची भरपाई मिळत नाही.

तेव्हा गाडीची चावी दुकानदाराच्या हाती देण्यापूर्वी पुढील अटी त्यास स्पष्ट शब्दांत सांगाव्यात आणि त्याची मान्यता घ्यावी: मूळ तारा कापावयाच्या नाहीत, कपलर वापरावयाचा, बॅटरीपाशी फ्यूज आणि पत्र्याच्या छिद्रात ग्रोमेट बसवावयाचा, पिवळी व लाल तार वेगळी ठेवावयाची, हँडब्रेकची तार हँडब्रेकलाच जोडावयाची, चौकट बंद करण्याआधी सर्व जोड मला दाखवावयाचे व त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावयाची, आणि यंत्र, साहित्य व मजुरी या तिन्हींची एकाच पावतीवर नोंद करावयाची. यांपैकी एकही अट अवघड नाही, आणि चांगला कारागीर यांतील बहुतेक गोष्टी न सांगताही करतो. जो दुकानदार त्या आनंदाने कबूल करील त्याच्याकडून चार पैसे अधिक मोजून यंत्र घ्यावे. जो कपाळाला आठ्या घालील त्याच्याकडून ते फुकट मिळाले तरी गाडीत बसवून घेऊ नये.